यकृताचा कर्करोग : औषधाचा पंप आणि त्याला लागणारे डोळे

(विद्यार्थी दिनानिमित्त वाई येथे संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजची तारीख ७ नोव्हेंबर. सन १९०० मध्ये याच दिवशी डॉ. बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. योगायोग असा की, १८६७ साली मादाम क्यूरी यांचा जन्मही ७ नोव्हेंबरचाच, आणि म्हणून २०१४ पासून आपल्या देशात हाच राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन आहे. उद्या ८ तारीख. १८९५ साली त्या दिवशी जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. ज्या किरणांवर आमची आयुष्यभर भाकरी चालली, तेच हे किरण. त्यामुळे कार्यकर्त्यांनी "या दिवशी तुम्हीच बोला" असा आग्रह धरला तेव्हा आम्हांला नाही म्हणता आले नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होतो. डार्करूमच्या लाल दिव्यात फिल्म धुण्यापासून ते सीटी स्कॅनच्या पडद्यापर्यंतचा सगळा प्रवास आम्ही डोळ्यांनी पाहिला. उपचार कोणता घ्यावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण "हा फोटो कशासाठी काढला?" हे सांगण्याचा थोडाफार अधिकार नोकरीने आम्हांला दिला आहे. आज बोलायचे आहे ते एवढ्याच प्रश्नावर.

आपल्या वस्तीत कोणाच्या घरी मोठे आजारपण आले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "नुसते फोटोच काढतात. एक झाला की दुसरा. यात डॉक्टरचे कमिशन असते." हे वाक्य अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ते दर वेळी खरे असते असेही नाही. खरे कधी आणि खोटे कधी हे ओळखता आले पाहिजे, कारण एका बाजूला घरातला पैसा जातो आणि दुसऱ्या बाजूला माणूस.

आमच्याच घरातले उदाहरण सांगतो. आमचे साडू वाईच्या वरच्या अंगाला शेती करत. वय अठ्ठावन्न. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते. दोन वर्षे बरी गेली आणि मग यकृतात गाठी दिसल्या. घाबरून आम्ही सगळे धावपळीला लागलो. पंधरा दिवसांत तीन ठिकाणी दाखवले आणि तीनही ठिकाणी पोटाचा नवा सीटी काढायला लावला. आधीची फिल्म पिशवीत तशीच. ती उजेडाला धरून पाहण्याचेही कोणी कष्ट घेतले नाहीत. पैसे गेले. साडूंनी म्हैस विकली.

शेवटी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "गाठी फक्त यकृतात आहेत. जांघेतून बारीक नळी यकृताच्या धमनीत घालू आणि पंपाने औषध थेट तिथेच सोडू. पण त्याआधी अँजिओग्राफी करावी लागेल." तेव्हा साडू आमच्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, आत्ताच तर तीनदा फोटू काढलं. आता ह्यो चौथा कशापायी? ह्यांचं बी तसलंच दिसतंय." आणि खरे सांगायचे तर आम्हीही मान डोलावली. उभी हयात क्ष-किरण विभागात गेली तरी त्या क्षणी आमच्याही मनात कमिशनच आले.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी हा पंप म्हणजे काय आणि त्याला फोटो का लागतात ते समजून घेऊ.

यकृताची दोन पाणी

आपण शेतकऱ्यांची माणसे, म्हणून शेताच्याच भाषेत बोलू. काही शेतांना दोन पाणी असतात. एक धोमच्या कालव्याचे आणि दुसरे विहिरीचे. यकृतालाही तशीच दोन पाणी आहेत. पोटातल्या आतड्यांकडून एक मोठी शीर अन्नरस घेऊन यकृतात येते. तिला पोर्टल व्हेन म्हणतात. यकृताच्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त या शिरेने येते. हा झाला कालवा. उरलेले सुमारे एक-चतुर्थांश रक्त यकृताच्या धमनीतून येते. ही झाली विहीर.

गंमत अशी की, आतड्याचा कर्करोग यकृतात येतो तो बहुधा कालव्यातून, म्हणजे पोर्टल व्हेनमधून. पण एकदा गाठ रुजली आणि वाढू लागली की ती पाणी पिते ते मुख्यतः विहिरीचे, म्हणजे धमनीचे. यकृताचा निरोगी भाग मात्र मुख्यतः कालव्यावर जगतो. हा फरक डॉक्टरांच्या ध्यानात आला आणि त्यांनी विचार केला, की औषध विहिरीच्याच पाण्यात मिसळले तर? ते गाठीला जास्त मिळेल आणि बाकीच्या शरीराला कमी लागेल. या पद्धतीचे मूळ एवढ्याच विचारात आहे.

यासाठी फ्लॉक्सयुरिडीन नावाचे एक औषध फार सोयीचे ठरले. ते धमनीतून सोडले तर पहिल्याच फेरीत त्याचा बहुतेक भाग यकृत शोषून घेते. पुढे शरीरात थोडेच जाते. त्यामुळे केस गळणे, रक्तातल्या पेशी घटणे हे त्रास कमी होतात.

पंप कसा चालतो

औषध धमनीत सतत आणि अगदी हळूहळू सोडायचे तर पंप हवा. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ब्लॅकशिअर, बुकवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास असा पंप तयार केला. तळहातावर मावेल अशी धातूची चपटी डबी. ती पोटाच्या कातडीखाली बसवतात. तिला ना बॅटरी, ना वायर. आत दोन कप्पे असतात आणि मध्ये भात्यासारखी लवचीक भिंत. एका कप्प्यात औषध असते, दुसऱ्यात सहज वाफ होणारा द्रव. शरीराच्या उबेने त्या द्रवाची वाफ होते, वाफ भाता दाबते आणि औषध थेंबाथेंबाने नळीतून पुढे सरकते. औषध संपले की कातडीवरून सुई टोचून डबी पुन्हा भरतात. भरताना भाता मागे रेटला जातो, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पंप जणू नव्याने चावी दिल्यासारखा सुरू होतो. माणसाच्या अंगातली ऊब हेच त्याचे इंधन. विद्यार्थी मित्रांनो, भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला बाष्पदाबाचा धडा असा कोणाच्या तरी पोटात काम करत असतो.

साधारणपणे दोन आठवडे औषध आणि पुढचे दोन आठवडे नळी तुंबू नये म्हणून हेपॅरिन घातलेले सलाईन, असा क्रम ठेवतात. पंपाची नळी थेट यकृताच्या धमनीत खुपसत नाहीत. जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीकडे जाणारी एक शाखा यकृताच्या धमनीतून फुटते. तिच्यात नळी घालून टोक बरोबर फाट्यावर आणून ठेवतात.

या उपचाराचा उपयोग किती, याचे एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. नॅन्सी केमेनी यांनी १५६ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या या रुग्णांच्या गाठी ऑपरेशनने काढून टाकल्या होत्या. त्यानंतर ज्यांना शिरेतून औषध आणि शिवाय पंप असे दोन्ही मिळाले त्यांच्यापैकी ८६ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. ज्यांना फक्त शिरेतून औषध मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के होते. हा अभ्यास एकाच रुग्णालयातला होता आणि त्यानंतर शिरेतून देण्याची औषधेही सुधारली. म्हणून हा आकडा जसाच्या तसा आजच्या रुग्णाला लावता येत नाही. पण थेट यकृतात औषध सोडण्याची कल्पना पोकळ नाही, एवढे त्यावरून दिसते.

पंप आंधळा असतो

आता मुख्य मुद्दा. पंप औषध ढकलतो. ते कोठे जाते हे त्याला कळत नाही. आपण दारे धरायला जातो तेव्हा इंजिन चालू करून घरी येऊन झोपतो का? पाटाने चालत जाऊन पाहतो. पाणी आपल्याच वाफ्यात जाते की मध्येच उंदराच्या बिळातून फुटून बांधापलीकडे जाते, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे पाणी फुटले तर फार तर भांडण होते. इथे औषध फुटून जठराकडे गेले तर जठराला जखमा होतात, रक्तस्राव होतो, माणूस दगावूही शकतो. आणि यकृताच्या अर्ध्याच भागात गेले तर उरलेला अर्धा भाग कोरडा राहतो. तिथल्या गाठी वाढत राहतात आणि आपण मात्र उपचार चालू आहेत या समाधानात बसतो.

म्हणून पंपाला डोळे लागतात. हे डोळे म्हणजे निरनिराळे फोटो. हे फोटो चार प्रकारचे आहेत आणि प्रत्येक फोटो एकेका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

पहिला प्रश्न : रोग फक्त यकृतातच आहे का? पंपाचे औषध यकृतातच अडकते, हा त्याचा गुण आणि हीच त्याची मर्यादा. फुप्फुसात किंवा इतरत्र गाठी असतील तर पंप तिथे पोचत नाही. म्हणून छाती-पोटाचा सीटी, आणि गरज वाटल्यास एमआरआय किंवा पेट स्कॅन आधी करतात. इंग्लंडमधील हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी काढला आणि १९७९ साली त्यांना कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी पोट उघडल्याशिवाय यकृताच्या आतले फारसे दिसत नसे.

दुसरा प्रश्न : धमन्यांची मांडणी कशी आहे? पुस्तकात यकृताच्या धमनीचे एकच चित्र असते, माणसांत मात्र तसे नसते. अमेरिकेतील सर्जन हायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १००० यकृतांच्या धमन्यांची नोंद १९९४ साली प्रसिद्ध केली. त्यात पुस्तकातल्यासारखी मांडणी सुमारे तीन-चतुर्थांश यकृतांतच आढळली. म्हणजे चारांत एकाची वाट वेगळी. कोणाच्या यकृताच्या डाव्या भागाची धमनी जठराच्या धमनीतून निघते, तर कोणाच्या उजव्या भागाची आतड्यांच्या धमनीतून. अशा माणसाला नेहमीच्या ठिकाणी नळी घातली तर यकृताचा एक भाग कोरडाच राहणार. धमन्यांत रंगद्रव्य जाण्याच्या नेमक्या क्षणी काढलेला सीटी ही मांडणी दाखवतो. साधा सीटी ते दाखवेलच असे नाही. लक्षात घ्या, 'पोटाचा सीटी' हे नाव एकच असले तरी तो कोणत्या क्षणी काढला यावर त्याचे उत्तर बदलते.

पंप बसवताना सर्जन जठराकडे जाणाऱ्या बारीक शाखा बांधून टाकतात. पित्ताशयाला औषधाची इजा होऊ नये म्हणून तेही काढतात. पोट शिवण्यापूर्वी नळीतून रंग सोडून तो दोन्ही भागांत पसरतो का, आणि जठराकडे झिरपत नाही ना, हे पाहतात.

तिसरा प्रश्न : औषध प्रत्यक्षात कोठे जाईल? हा फोटो आम्हांला सगळ्यांत सुंदर वाटतो. औषधाचा पहिला थेंब सोडण्याआधी पंपाच्या बाजूच्या तोंडातून अल्ब्युमिन या प्रथिनाचे अतिशय बारीक कण सोडतात. त्या कणांना टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य चिकटवलेले असते. कण रक्ताबरोबर जिथे जातात तिथल्या केशवाहिन्यांत अडकतात. मग गॅमा कॅमेऱ्याखाली रुग्णाला झोपवले की ते कण जिथे असतील तिथून प्रकाश आल्यासारखे चित्र उमटते. पाटात रंग सोडून पाणी कोठवर गेले ते पाहावे, तसेच हे. तुलनेसाठी पूर्ण यकृताचे वेगळे चित्र घेतात आणि दोन्ही चित्रे जुळवून पाहतात. यकृताचा आकार पूर्ण भरला असेल आणि जठर, प्लीहा, लहान आतडे यांच्या जागी काही उजळले नसेल, तरच औषध सुरू करतात. एखादी चोरवाट दिसली तर आधी ती बंद करतात. पुष्कळदा अँजिओग्राफी करून, त्या बारीक शाखेत धातूची गुंडाळी सोडून. टेक्निशियमचे अर्धायुष्य फक्त ६ तासांचे असल्याने दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा जोर जवळजवळ संपलेला असतो.

चौथा प्रश्न : औषध लागू पडते का, आणि इजा तर करत नाही ना? गाठी आटल्या का हे काही आठवड्यांच्या अंतराने काढलेल्या सीटी-एमआरआयवर कळते. इजेचे मात्र वेगळे आहे. यकृतातल्या पित्तनलिकाही धमनीच्याच रक्तावर जगतात, म्हणून हे औषध त्यांना बाधू शकते. पण त्याची पहिली चाहूल फोटोने नव्हे, साध्या रक्ततपासणीने लागते. दर दोन आठवड्यांनी यकृताच्या चाचण्या करतात. त्या वाढल्या की औषध कमी करतात किंवा थांबवतात, आणि शंका असेल तेव्हाच पित्तनलिकांचा एमआरआय काढतात. म्हणजे जिथे स्वस्त रक्ततपासणी आधी उत्तर देते, तिथे महागडा फोटो नंतर. शहाणे डॉक्टर असेच वागतात.

परळ आणि तुर्भे

विद्यार्थी मित्रांनो, हे सगळे अमेरिकेतच होते असे समजू नका. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आले. १९६३ साली परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. किरणोत्सारी द्रव्ये वापरून रोगनिदान करण्याचे काम आपल्याकडे तिथे रुजले. तुर्भ्याची अणुभट्टी म्हटली की लोकांना बॉम्ब आठवतो. पण त्याच अणुऊर्जा खात्याकडून आजही देशभरातल्या रुग्णालयांना तपासणीची किरणोत्सारी द्रव्ये पाठवली जातात.

पोटात बसवायचा पंप आपल्याकडे सर्रास वापरात नाही. अमेरिकेतही अनेक वर्षे वापरात असलेल्या एका पंपाचे उत्पादन २०१८ साली कंपनीने बंद केले, आणि पुढे दुसऱ्या कंपनीने ते हाती घेईपर्यंत डॉक्टर अडचणीत आले होते. चीन, जपान या देशांत यकृतातच सुरू झालेल्या कर्करोगासाठी दुसरी तऱ्हा आहे. धमनीत नळी घालायची आणि शरीराबाहेरच्या पंपाने औषध सोडायचे. आपल्याकडे जास्त चालते ते धमनीतून औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठाच बंद करणे, किंवा यिट्रियम-९० या किरणोत्सारी द्रव्याचे काचेचे सूक्ष्म मणी सोडणे. असे मणी भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच तयार केले असून त्यांना 'भाभास्फिअर' असे नाव दिले आहे. या मण्यांच्या आधीही तोच टेक्निशियमचा फोटो काढतात, कारण मणी यकृतातून निसटून फुप्फुसात किती जातील हे आधी कळावे लागते. पद्धत कोणतीही असो, विहिरीतून सोडायचे तर पाट आधी पाहायचा, हा नियम बदलत नाही.

साडूंचे पुढे काय झाले

त्या दिवशी आम्ही मान डोलावली खरी, पण रात्रभर झोप आली नाही. सकाळी डॉक्टरांकडे गेलो आणि हात जोडून विचारले, "डॉक्टरसाहेब, तीन सीटी झालेत. या चौथ्या फोटोने तुमचा कोणता निर्णय बदलणार आहे, तेवढे सांगा." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद घेतला, धमनीचे चित्र काढले आणि म्हणाले, "गाठी कोठे आहेत हे तुमच्या सीटीने सांगितले. औषध कोठे जाईल हे त्यांतल्या एकानेही सांगितलेले नाही. औषध जठराकडे जाताना दिसले तर मी ती वाट बंद करीन, आणि बंद करता आली नाही तर हा उपचारच करणार नाही." एवढे ऐकल्यावर आम्ही साडूंना म्हणालो, "करून घ्या. हा फोटो वेगळा आहे."

अँजिओग्राफीत खरोखरच एक बारीक शाखा जठराकडे जाताना दिसली. डॉक्टरांनी तिथे गुंडाळी टाकून ती बंद केली आणि मग औषध सुरू झाले. दर खेपेला दोन दिवस पलंगावर पडून राहायचे, शेजारी पंप टिकटिकत असायचा. साडू म्हणायचे, "आमच्या विहिरीवरची मोटार बरी, रातचं झोपू तरी देत्ये." गाठी आटल्या, पण नाहीशा झाल्या नाहीत. पुढे दीड वर्ष ते शेतावर जात होते, एक ऊस त्यांनी स्वतः घालवला. नंतर रोग वाढला आणि ते गेले. उपचाराने ते बरे झाले असे आम्ही सांगणार नाही. पण ती शाखा उघडी राहिली असती तर ते दीड वर्ष मिळाले नसते, असे आम्हांला वाटते. आणि केवळ संशयापोटी आम्ही तो फोटो नाकारायला निघालो होतो, हा सल आमच्या मनात अजून आहे.

आपण काय करायचे

तेव्हा बंधू-भगिनींनो, फोटोला सरसकट 'हो' म्हणू नका आणि सरसकट 'नाही'ही म्हणू नका. एकच प्रश्न विचारा. "या फोटोने कोणता निर्णय बदलेल?" चांगल्या डॉक्टरकडे याचे उत्तर असते. ज्याच्याकडे नसते तिथे तुमचा संशय रास्त आहे. प्रश्न नम्रपणे विचारा, पण विचारा. गरिबाने प्रश्न विचारू नये असा कायदा नाही.

दुसरे, जुन्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत ठेवा. सीडी मागून घ्या, कारण फिल्मवर निवडक चित्रे असतात, सीडीत सगळी. फिल्म गुंडाळू नका, उन्हात ठेवू नका. नव्या डॉक्टरसमोर बसल्याबरोबर ती पिशवी पुढे करा. आमच्या साडूंचे निदान दोन सीटी तरी त्याने वाचले असते. खर्चाचा प्रश्न आला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. म्हैस विकल्यावर विचारून उपयोग नाही.

तिसरे, ज्या कर्करोगाची सुरुवात यकृतातच होते तो पुष्कळ अंशी टाळता येतो. हिपॅटायटिस बीची लस २०११ पासून देशभरातल्या बालकांच्या लसीकरणात आहे. तिचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळाला पाहिजे. बाळंतीण घरी येण्यापूर्वी हे विचारून घ्या. दारूने यकृत निबर होते आणि निबर यकृतात कर्करोग रुजतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते, तेही यकृताचा घात करते. चांगले दाणे बाजारात आणि काळपटलेले घरच्या चटणीला, ही रीत आता सोडली पाहिजे.

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. डॉक्टर सगळ्यांनाच होता येणार नाही. पण या चारही फोटोंच्या मागे क्ष-किरण तंत्रज्ञ, अणुवैद्यक तंत्रज्ञ, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ अशी कितीतरी माणसे उभी असतात. विज्ञान शाखेतून तिथे पोचता येते. आमच्या वेळी डार्करूममध्ये उभे राहून हात हायपोने पिवळे झाले, पण पडद्यावर दिसणाऱ्या हाडावर कोणाची जात लिहिलेली आम्ही कधी पाहिली नाही. आणि शब्दांना भिऊ नका. मराठी विश्वकोश ज्या गावात घडला त्या गावची तुम्ही मुले आहात. धमनी, यकृत, किरणोत्सार हे शब्द तुमच्या भाषेत पूर्वीच येऊन बसले आहेत. त्यांच्यामागचे ज्ञान तेवढे आता घरी आणायचे आहे.